‘विहिरीत बघ’ का चालत नव्हतं

नमस्कार,

तुमची प्रतिक्रिया परवा रात्री वाचली आणि तिथल्या तिथे एक उत्तर खरडलं. सकाळी ते वाचून माझं मलाच कसंतरी झालं, म्हणून पुसलं. हे दुसरं.

बाकीच्यांसाठी थोडक्यात: टेलिग्रामवर माझा ‘वाडा’ नावाचा बॉट आहे, म्हणजे वाक्यं लिहून खेळायचा, आपोआप उत्तरं देणारा शब्दखेळ. त्याबद्दलचा माझा लेख वाचून तुम्ही तो वीस मिनिटं खेळलात. परसातल्या विहिरीपाशी पोचून ‘विहिरीत बघ’ असं तीनदा लिहिलंत आणि तिन्ही वेळा ‘माफ करा, समजलं नाही’ एवढंच मिळालं. तेव्हा हा चॅटबॉट नसून पाठांतर केलेला पोपट आहे, एआय हाताशी असताना असलं कच्चं काम लोकांपुढे ठेवून त्यांचा वेळ घेऊ नये, असं तुमचं म्हणणं. शिवाय, आम्ही लिहितो ते तुम्ही साठवता का, हा प्रश्न.

पोपट मान्य. १९६६ साली अमेरिकेतल्या एमआयटी या विद्यापीठातल्या जोसेफ वायझेनबाउम यांनी ‘एलायझा’ या गप्पा मारणाऱ्या प्रोग्रामबद्दल लिहिलं, तीही पोपटच होती. समोरच्याच्या वाक्यातला एखादा शब्द पकडायचा आणि त्याचाच प्रश्न करून परत द्यायचा. पण ती समुपदेशकाच्या भूमिकेत होती, त्यामुळे ‘असं का वाटतं तुम्हाला?’ म्हणून तिला सुटता यायचं. माझ्या वाड्यात ती सोय नाही. कुलूप उघड म्हटलं की ते उघडलं तरी पाहिजे, नाही तर का उघडत नाही ते तरी सांगितलं पाहिजे.

आता विहिरीचं. सत्तरच्या दशकात विल क्राउदर या अमेरिकन प्रोग्रामरने गुहेत फिरायचा जो शब्दखेळ लिहिला, त्यात प्रत्येक शब्दाची पहिली पाचच अक्षरं तपासली जात. मला ही युक्ती फार आवडली आणि मी ती तशीच उचलली. इंग्रजीत ती चालते, कारण शब्दाला जे चिकटायचं ते बहुतेक शेवटी चिकटतं. आपल्याकडे प्रत्यय लागायच्या आधीच शब्द आतून हलतो. ‘विहीर’ संगणकाला दिसते ती अशी: व, ऱ्हस्व वेलांटी, ह, दीर्घ वेलांटी, र. बरोबर पाच. ‘विहिरीत’ लिहिलं की चौथ्या जागी ऱ्हस्व वेलांटी येते आणि सगळं फिसकटतं. शाळेत सामान्यरूपाला इतकी वर्षं नावं ठेवली, त्याने असा सूड उगवला.

हे माझ्या लक्षात का आलं नाही? मी स्वतः तपासताना कायम ‘विहीर बघ’ लिहीत होतो. बॉटला काय कळतं हे मला ठाऊक होतं, म्हणून नकळत मीच त्याच्या भाषेत बोलत होतो. तुम्ही मराठीत बोललात.

पहिली दुरुस्ती उत्साहात केली: काना, मात्रा, वेलांट्या, उकार सगळे काढून टाकायचे आणि मग शब्द जुळवायचे. विहीर जुळली. पण ‘दार’ आणि ‘दोर’ दोन्ही ‘दर’ झाले, आणि रहाटाचा दोर ओढला की माजघराचं दार उघडायला लागलं. (एकाने ही गुप्त कळ समजून माझं कौतुकही केलं. मी गप्प बसलो.) आता फक्त ऱ्हस्व-दीर्घाचा फरक पुसतो. ‘कुलूप’ तरीही हुकतं, कारण ‘कुलपाला’मध्ये ‘ल’चा उकार गायबच होतो. म्हणून वाड्यातल्या २९ वस्तूंची सामान्यरूपं एका संध्याकाळी हाताने लिहून काढली. ‘समजलं नाही’चंही बदललंय. आता तो ‘बघायचं ते कळलं, पण काय?’ असं विचारतो.

एआयच्या बाबतीत मात्र पटलं नाही. वाड्याला एआय जोडून पाहिला होता. मराठी माझ्यापेक्षा बरी बोलत होता. पण ‘किल्ली माझ्या खिशातच आहे’ असं सांगितल्यावर ‘अरे वा, मग उघडा की!’ म्हणाला. किल्ली तेव्हा फडताळात होती. खेळणाऱ्याचं सगळंच खरं धरलं तर खेळ उरतो कुठे? वाक्य समजून घेण्यापुरता तो वापरावा आणि किल्ली कुठे आहे हे माझ्या कोडने ठरवावं, असं करता येईल. तुम्हाला तेच म्हणायचं असेल तर वाद नाही. पण पायथन ही प्रोग्रामिंगची भाषा शिकायला बसलो होतो, ते शिकणं मला दुसऱ्याला द्यायचं नव्हतं.

वेळेबद्दल: ‘पहिलाच प्रयत्न आहे’ हे मी लेखाच्या अगदी शेवटी लिहिलं होतं. ते वर हवं होतं. आता वर आहे.

साठवण्याबद्दल तुम्ही विचारलंत ते सगळ्यात योग्य. बॉटला लिहिलेलं प्रत्येक वाक्य बॉट चालवणाऱ्याला दिसू शकतं. मी न समजलेली वाक्यं खेळणाऱ्याच्या नावासकट ठेवत होतो आणि कुठेही सांगितलं नव्हतं. तुमची तीन वाक्यंही त्यातच सापडली, तिसऱ्यापुढे उद्गारचिन्हांसह. नावं पुसली आहेत. यापुढे फक्त न समजलेली ओळ राहील, आणि हे खेळ सुरू होतानाच पहिल्या संदेशात कळेल.

विहिरीत काय आहे ते इथे सांगत नाही. ‘विहिरीत बघ’ आता चालतं. ‘विहिरीत वाकून बघ’ मात्र अजून नाही. ‘वाकून’वर काम चालू आहे.