वर, डावीकडे, खाली, डावीकडे

आज दुपारी ताईचा मुलगा झेल्डा खेळत होता. पहिला, १९८६ चा. टीव्हीवर गेम आणि उशीला टेकवलेल्या मोबाइलवर कुणाचा तरी वॉकथ्रू, म्हणजे गेम कसा पार करायचा ते दाखवणारा व्हिडिओ. चकव्याच्या जंगलात शिरला, वर, डावीकडे, खाली, डावीकडे, आणि पार. "हा रस्ता तुला कसा कळला रे?" "मावशी, व्हिडिओत असंच आहे." तेव्हापासून डोकं तापलंय माझं.

अरे, तो रस्ता गेममध्येच विकत मिळतो! गुहेत एक म्हातारी बसलेली असते, तीन किमती समोर मांडते. सगळ्यात कमी पैसे टेकवले तर एवढ्यात मी बोलणार नाही म्हणते, आणि दिलेले पैसे परत मिळत नाहीत. नव्याने पैसे साठवून पुन्हा तिच्याकडे यायचं. तोवर जंगलात कितीही चाला, तोच पडदा पुन्हा समोर. उजवीकडे गेलं तरच सुटका. शब्दशः चकवा लागतो. पोराला तो लागलाच नाही. बटणं चार दाबली, कोडं एकही सोडवलं नाही.

या गेमचं बाहेरचं जग म्हणजे आडवे १६ आणि उभे ८, एकूण १२८ पडदे. आलेखाच्या वहीचं एक पान पुरतं. प्रत्येक चौकोनात खूण करायची: दुकान, गुहा, तळं, संशय. खोक्यात घडीचा नकाशा यायचा, त्याचाही काही भाग मुद्दाम कोरा असायचा, तुम्ही भरावा म्हणून. आणि लपलेल्या वाटा शोधायला झुडपं जाळत सुटू नका. निळी मेणबत्ती एका पडद्यावर एकदाच पेटते, दुसरं झुडूप जाळायचं तर बाहेर जाऊन परत यावं लागतं. लाल मेणबत्तीला ती अट नाही, पण ती सातव्या तळघरात आहे. म्हणून झुडपांची खरी झडती सातव्यानंतर. बॉम्बचंही तेच: सुरुवातीला आठच मावतात, त्यामुळे दिसेल त्या भिंतीवर उडवले तर नेमक्या भिंतीपाशी हात रिकामे. आधी पान भरा, नकाशात उगाच मोकळी वाटणारी जागा शोधा, बॉम्ब तिथे लावा.

बरं, मान्य. सगळी कोडी प्रामाणिक नसतात. याच झेल्डात लांब कानांचा एक शत्रू आहे, पोल्स व्हॉइस. पुस्तिका म्हणते, त्याला मोठा आवाज सहन होत नाही. जपानच्या फॅमिकॉम या गेम-मशीनच्या दुसऱ्या कंट्रोलरला माइक होता, त्यात ओरडलं की तो मरायचा. अमेरिकेतल्या मशीनला माइकच नव्हता, पण पुस्तिकेतली ओळ तशीच राहिली! पोरं गेममधली बासरी वाजवून थकली, तिनं काही होत नाही. उपाय बाण. इथे गाइड पाहिलं तर मी एक अक्षर बोलणार नाही.

कॅसलव्हेनिया २ हा दुसरा गेम तर त्याहून वाईट. लाल स्फटिक हातात घेऊन डेबोराच्या कड्यापाशी गुडघे टेकून थांबायचं, मग वावटळ येते आणि उचलून नेते. इंग्रजी खेळात सुगावा काय? लाल स्फटिक घेऊन 'आत्म्याची' वाट पाहा. गुडघ्यांचा उल्लेख नाही, वाऱ्याचाही नाही. वर एक गावकरी सांगतो, कड्यावर डोकं आपटून भोक पाड. त्यात गेममधल्या किती दिवसांत संपवला, त्यावर शेवट बदलतो. अशा ठिकाणी अडलेल्या माणसाला नावं ठेवू नयेत.

आणि हो, "आम्ही गाइडशिवाय खेळलो" म्हणत छाती फुगवणाऱ्यांनो, तुम्हीही ऐका. १९८४ चा टॉवर ऑफ ड्रुआगा, आर्केडमधला गेम. साठ मजले, आणि प्रत्येक मजल्यावरची खजिन्याची पेटी कशी मिळवायची याच्या अटी पडद्यावर कुठेच लिहिलेल्या नाहीत. पहिल्या मजल्यावर तीन हिरवे स्लाइम मारले की कुदळ मिळते, हे कुणी कुणाला सांगितलं? जपानी आर्केडमध्ये वह्या ठेवलेल्या असत, एकानं लिहायचं, दुसऱ्यानं वाचायचं. अमेरिकेत इन्फोकॉम ही गेम बनवणारी कंपनी अदृश्य शाईच्या पुस्तिका विकायची. खास पेन फिरवलं की आधी आडून दिलेला इशारा उमटायचा, मग जरा स्पष्ट, शेवटी उत्तर. एकटं, मदतीशिवाय कुणीच खेळत नव्हतं. पण तुम्ही थांबाल तिथे ती पुस्तिकाही थांबायची. व्हिडिओ थांबत नाही. माझा राग आहे तो त्यावर.

अडलात तर आधी मूळ पुस्तिका वाचा. ती खेळाचाच भाग होती, तिची स्कॅन प्रत मिळते. मग गुहेतली, गावातली प्रत्येक ओळ वहीत शब्दशः उतरवा. तरीही नाही सुटलं तर उत्तर वाचू नका, खेळलेल्या माणसाला एकच प्रश्न विचारा: "लागणारी वस्तू माझ्याकडे आहे का?" हो किंवा नाही, एवढंच. अर्ध्याअधिक वेळा तेवढ्यानं गाडी सुटते. सेव्ह, म्हणजे खेळ जिथवर आला तिथे साठवलेल्या नोंदी, मात्र निदान तीन वेगवेगळ्या ठेवा, एकावर एक चढवू नका. किंग्ज क्वेस्ट ५ या गेममध्ये भुकेच्या वेळी कस्टर्ड पाय (गोड भाजलेला पदार्थ) खाल्लात, तर पुढे हिममानवाच्या तोंडावर फेकायला काही उरत नाही आणि खेळ तिथेच मेला. एकच सेव्ह असेल तर पहिल्यापासून.

सोडवल्याचं सुख काय असतं, ते आपल्याकडच्यांना प्रिन्स ऑफ पर्शियानं दाखवलंय. चौथ्या पातळीवर आरशातून उडी मारली की सावली बाहेर पडते. बाराव्या पातळीवर ती समोर उभी राहते. तिला तलवार मारली की रक्त आपलंच कमी. खालचा बाण दाबून तलवार म्यान करायची, तीही करते, मग सरळ तिच्यात शिरायचं. सगळे सुगावे डोळ्यांसमोर होते. हे व्हिडिओत आधीच पाहिलेल्याला काय उरलं सांगा.

संध्याकाळी पोराला वही दिली. मोबाइल त्यानं आपणहून बाजूला ठेवला, ओरडावं लागलं नाही. सत्तावीस चौकोन भरलेत. सातवं तळघर सापडत नाहीये. परी राहत नाही तिथे गुपित आहे, ही गेममधली ओळ त्यानं पानाच्या कडेला लिहून ठेवलीय, बासरी आहेच जवळ. आत्ता तळी मोजतोय.