तळ्याच्या काठावर प्यायला घोटभर पाणी नाही!

मे महिन्याच्या सुट्टीत कोल्हापुरात पै-पाहुण्यांची रीघ लागते, हे काय यंदाच कळलंय का? दरवर्षी लागते. मग दरवर्षी रंकाळा तळ्यावर माणसांचे असे हाल का होतात? डोकं फिरलंय माझं, म्हणून लिहितेय.

वन्सं रत्नागिरीहून आल्या होत्या, पोरांना आणि त्यांच्या सासूबाईंना घेऊन. पहाटे आंबा घाट चढून यायचं, रात्री परत. एका दिवसाचं कोल्हापूर ठरलेलंच असतं: अंबाबाईचं दर्शन, तांबडा-पांढरा, महाद्वार रोडला चपला, मग रंकाळा. देवळाची रांग सोसली, बिंदू चौकाजवळ गाडी लावायला घातलेले फेरे सोसले. गर्दीच्या गावात गर्दी असणारच, त्याबद्दल माझं काही म्हणणं नाही.

पण रंकाळ्यावर उतरलो तेव्हा ऊन नुसतं भाजत होतं. वळीव येणार म्हणून आभाळ गच्च दाबून धरलेलं, वाऱ्याचा पत्ता नाही. कोकणातली माणसं घामाला सरावलेली असतात, पण घाटावरच्या उन्हानं तोंड कोरडं पडतं ते त्यांना नवीन. पोरं पाणी पाणी करायला लागली. आम्ही होतो त्या सगळ्या बाजूला पिण्याच्या पाण्याचा एक चालू नळ दिसला नाही! एक टाकी सापडली, तिला तोटी नव्हती. टाकीत पाणी होतं की नाही देवाला ठाऊक. शेवटी वीस-वीस रुपयांच्या बाटल्या घेतल्या. आम्ही घेतल्या, आम्हाला परवडल्या. शेजारी गगनबावड्याकडून आलेली एक बाई एका बाटलीतलं पाणी चार पोरांना टोपणानं मोजून पाजत होती. हे बघून ज्याला संताप येत नाही, त्याच्याशी मला बोलायचंच नाही.

अहो, हे तीर्थांचं गाव आहे! कोटीतीर्थ, कपिलतीर्थ, वरुणतीर्थ. कपिलतीर्थ बुजवून तिथं मंडई भरवली, वरुणतीर्थाच्या जागी गांधी मैदान झालं. जी तळी राहिली त्यांच्या काठावर तरी माणसाला तहान भागवता यायला नको? चैत्र लागला की चौकाचौकांत पाणपोया लागायच्या. रांजण, त्यावर ओलं फडकं, ओंजळीत पाणी ओतणारं एखादं म्हातारं माणूस. कुणी पैसे मागत नव्हतं. आता पाणपोई कमी आणि बाटल्यांचे खोके जास्त. आणि त्या बाटल्या जातात कुठं? वाऱ्यानं, नाहीतर माणसांच्या हातानं, सरळ तळ्यात. कचऱ्याचा डबा भरून वाहत होता आणि खालच्या दगडांत रिकाम्या बाटल्या तरंगत होत्या. टाकणाऱ्यांनो, तुम्हालाही सोडत नाही मी. गाडीतून भरलेली बाटली आणता येते, तर रिकामी परत नेता येत नाही?

उन्हाळ्यात पाणी उतरलं की संध्यामठ उघडा पडतो, पावसाळ्यात पाण्याखाली जाणारं ते दगडी बांधकाम जवळून बघायला मिळतं. वन्संच्या पोरांना मी घरापासून त्याचं कौतुक सांगत आणलं होतं. पोरांनी पदरानं नाक दाबायला सुरुवात केली. कडेला हिरवा थर, त्यात केंदाळ, म्हणजे जलपर्णी. सांडपाणी तळ्यात उतरलं की त्यातल्या नत्र-स्फुरदावर केंदाळ आणि शेवाळ माजतं. ते कुजलं की पाण्यातला प्राणवायू संपतो. पाणी जेवढं तापेल तेवढा प्राणवायू आधीच कमी, म्हणून मासे मरतात ते याच दिवसांत. यात कोडं काहीच नाही. केंदाळ काढायला यंत्रं लावायची, फोटो काढायचे, आणि नाले मात्र तसेच ठेवायचे, तर ते परत येणारच.

संस्थानकाळातल्या माणसांना एवढं कळत होतं. धुण्याचं पाणी तळ्यात जाऊ नये म्हणून त्यांनी वेगळी 'धुण्याची चावी', म्हणजे कपडे धुवायची जागा, बांधली. साबणाचा फेस तळ्यात नको, एवढी काळजी! आणि आपण शौचालयांचं पाणी सोडतो.

शौचालयावरून आठवलं, खरा राग तिथंच आहे. वन्संच्या सासूबाई सत्तरीच्या पुढच्या, मधुमेहाच्या. त्या हळूच वन्संना म्हणाल्या, वन्सं मला म्हणाल्या, "वहिनी, इथं कुठं जायची सोय आहे का हो?" सोय होती. बायकांच्या बाजूला कुलूप! पुरुषांची बाजू उघडी. किल्ली कुणाकडं, विचारलं तर भेळवाला म्हणतो पलीकडं विचारा, पलीकडचा म्हणतो माणूस जेवायला गेलाय. त्या माउलीला उन्हात तंगडतोड करत एका हॉटेलात नेलं, तिथं नको असताना पाच चहा सांगितले, तेव्हा आत जाऊ दिलं. परत येईपर्यंत त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. अशा वेळी बायका काय करतात माहीत आहे? सकाळपासून पाणीच पीत नाहीत. चाळीस अंशांच्या उन्हात! मग चक्कर येते, लघवीला जळजळ होते, आणि घरचे म्हणतात, ऊन लागलं.

बाकडी उन्हात आणि झाडाखाली गाड्या, हेही बघितलं. ते नंतर बोलू. आधी ते कुलूप काढा. सुट्टी संपेपर्यंत सकाळपासून रात्री गर्दी पांगेपर्यंत तिथं एक बाई नेमा, तिला नीट पगार द्या, आणि काठावर चार ठिकाणी थंड पाण्याचे नळ लावा. तोटीसकट.