दक्षिण गंगोत्री कोणी पळ काढून सोडले नव्हते

‘अंटार्क्टिकावरची संशोधन केंद्रे रातोरात रिकामी झाली, भारतानेही आपले पहिले केंद्र काही वर्षांतच सोडले, बर्फाखाली काय सापडले ते लपवले जाते आणि तेथे कोणालाही जाऊ देत नाहीत,’ असा मजकूर, बर्फातून वर आलेल्या लेनिनच्या पुतळ्याच्या छायाचित्रासह, व्हॉट्सअ‍ॅपवर फिरतो आहे.

दक्षिण गंगोत्री हे भारताचे पहिले केंद्र १९८३-८४ च्या तिसऱ्या भारतीय मोहिमेत, समुद्रावर तरंगणाऱ्या जाड बर्फाच्या थरावर उभारले गेले. ते बंद झाले १९९० मध्ये. पण त्याआधीच, १९८९ मध्ये, शिरमाकर टेकड्यांच्या उघड्या खडकावर ‘मैत्री’ हे नवे भारतीय केंद्र तयार झाले होते. घाबरून पळणारा माणूस आधी नवे घर बांधून मग जुन्याला कुलूप लावत नाही.

कारणही लपलेले नाही. तेथे पडलेला बर्फ वितळत नाही, साचत जातो. वाऱ्याबरोबर येणारा भुगा इमारतीच्या आडोशाला थांबतो, आणि काही वर्षांत दार छताच्या पातळीवर न्यावे लागते. ब्रंट या अशाच तरंगत्या हिमथरावरच्या ब्रिटिशांच्या हॅली केंद्राच्या पहिल्या चार वास्तू अशाच गाडल्या गेल्या. त्यांपैकी तिसरी तर पोलादी नळ्यांच्या आत बांधली होती. ती १९८३ मध्ये सोडली आणि बर्फाचा थर समुद्राकडे सरकत राहिल्याने दहा वर्षांनी तिचे अवशेष किनाऱ्यावरच्या हिमकड्यातून बाहेर आले. शेवटी २०१२ चे सहावे हॅली हलवता यावे म्हणून स्कीवर बांधले, आणि हिमथरातली भेग वाढू लागल्यावर ते खरोखरच ओढून आत नेले.

लेनिनचा पुतळा सोव्हिएत पथकाने डिसेंबर १९५८ मध्ये किनाऱ्यापासून सर्वांत दूरच्या ठिकाणी बसवला. तेथे ते पथक दोन आठवडेही राहिले नाही.

प्रवेशबंदीचा दावा तर अंटार्क्टिका कराराच्या सातव्या कलमापुढे टिकत नाही, कारण त्यानुसार सल्लागार देशांचे, म्हणजे करारात निर्णयाचा अधिकार असलेल्या देशांचे, निरीक्षक कोणतेही केंद्र केव्हाही तपासू शकतात. १९६२ मध्ये बंद झालेल्या पोर्ट लॉक्रॉय या ब्रिटिश केंद्रात तर आज संग्रहालय आणि टपाल कार्यालय आहे. पर्यटक तेथून पत्रे पाठवतात.

जाब विचारायचाच असेल, तर तो कचऱ्याबद्दल विचारावा. अमेरिकेने १९५७ मध्ये बांधलेले आणि पुढे ऑस्ट्रेलियाकडे आलेले विल्क्स केंद्र १९६९ मध्ये सोडले गेले, तेव्हा इंधनाची पिंपे तेथेच राहिली. सोडलेल्या जागा ज्याच्या त्याने साफ कराव्यात, हे बंधन अंटार्क्टिकाच्या पर्यावरण रक्षणासाठीच्या १९९१ च्या माद्रिद पूरक कराराने घातले आणि तो लागू व्हायला १९९८ उजाडले.