तळटीप उडवली, आकडा दहापट झाला

"पांडाजमध्ये स्किपफूटर द्या, उरलेल्या खुणा एका रेगेक्सने उडवा, तळटीपा गेल्या. नाहीतरी तो कचराच." तक्त्यांमधला डेटा साफ करण्याचा विषय निघाला की हा सल्ला हमखास मिळतो. (पांडाज ही पायथनमधली तक्ते हाताळणारी लायब्ररी, स्किपफूटर हा तिचा फाइल वाचतानाचा एक पर्याय आणि रेगेक्स म्हणजे मजकुरातले नमुने शोधायचं सूत्र.) मीही तो बरीच वर्षं पाळला.

आधी स्किपफूटर. त्याला तळटीप कळत नाही, तो शेवटून सांगितल्या तेवढ्या ओळी टाकतो. गेल्या महिन्याच्या फाइलीत तीन टिपा होत्या आणि या महिन्यात दोनच, तर तिसरी ओळ खऱ्या डेटाची जाते. बहुतेक वेळा ती 'एकूण'ची असते. त्यापेक्षा पहिल्या स्तंभात वर्ष किंवा कोड नसलेल्या ओळी गाळलेल्या बऱ्या. वेबपानावरचे तक्ते वाचणाऱ्या पांडाजच्याच रीड-एचटीएमएलमध्ये तर स्किपफूटर हा पर्यायच नाही.

आता रेगेक्स. खूण चौकटी कंसात असेल तर चालतं. (तरी जपून: पांडाज २.० पासून स्ट्रिंग-रिप्लेसमध्ये, म्हणजे मजकूर बदलणाऱ्या फंक्शनमध्ये, रेगेक्स आपोआप चालू नसतो. जुना कोड मजकुरात काहीही न बदलता, काहीही न बोलता पुढे जातो.) खरा घोळ सुपरस्क्रिप्टचा, म्हणजे आकड्याच्या डोक्यावर बसवलेल्या बारीक खुणेचा आहे. पानावर १,२५० च्या डोक्यावर बारीकसा २ दिसतो. रीड-एचटीएमएल नुसता मजकूर उचलतं, म्हणजे '१,२५०२'. स्वल्पविराम हजारांचा समजून तोही रीड-एचटीएमएलच काढून टाकतं आणि हाती येतो १२५०२. एरर नाही, वॉर्निंग नाही, स्तंभ छान पूर्णांकांचा. रेगेक्सला पकडायला उरलंच काय? इथे तक्ता वाचण्याआधीच ब्यूटिफुल सूप या एचटीएमएल वाचणाऱ्या लायब्ररीने सुप टॅग (सुपरस्क्रिप्टची एचटीएमएल खूण) बाजूला काढावे लागतात.

काहीजण आर या भाषेतल्या जीटी या तक्ते बनवणाऱ्या पॅकेजच्या आरएम-फूटनोट्स फंक्शनचा दाखला देतात. ते जीटीतच लावलेल्या टिपा काढतं; बाहेरून आलेल्या तक्त्याशी त्याचा संबंध नाही.

राहिला 'कचरा'. युरोस्टॅटच्या (युरोपीय संघाच्या सांख्यिकी कार्यालयाच्या) आकड्यापुढचा 'पी' म्हणजे तात्पुरता, 'ई' म्हणजे अंदाजित, 'बी' म्हणजे मालिकेत खंड. 'बी' पुसलात की आलेखात उडी दिसते आणि लोक तिची कारणं शोधत बसतात. प्रत्यक्षात मोजण्याची पद्धतच बदललेली असू शकते. म्हणून खूण पुसायची नाही, शेजारच्या स्तंभात ठेवायची.

मी आता टिपा वेगळ्या केल्यावर स्तंभाची बेरीज छापील 'एकूण'शी ताडतो. वरच्या तक्त्यात ११,२५२ जास्त भरले, तेव्हा कुठे तो बारीक २ सापडला.