गरम इंजिन बंद पडलं म्हणजे व्हेपर लॉकच? चिमटे लावण्याआधी हे तपासा

बोटवाल्यांमध्ये एक मेसेज पुन्हा पुन्हा फिरतो. त्याचा मजकूर थोडक्यात असा: पेट्रोल इंजिन गरम झाल्यावर बंद पडलं किंवा उचल घेईना, तर तो व्हेपर लॉक (लाइनमध्ये पेट्रोलची वाफ होऊन पुरवठा अडणं). पेट्रोलच्या लाइनला कपड्यांचे लाकडी चिमटे लावा, पंपावर ओलं फडकं टाका, टाकीवरचा अँटी-सायफन व्हॉल्व (पेट्रोल आपोआप वाहून जाऊ न देणारी झडप) काढून टाका. एवढ्यानं भागलं नाही तर गाडीचा जास्त प्रेशरचा इलेक्ट्रिक पंप बसवा. डिझेललाही हेच लागू. यातल्या दोन सल्ल्यांमुळे बोटीला आग लागू शकते, म्हणून एकेक मुद्दा घेऊन उत्तर देतोय.

"गरम झाल्यावर बंद पडलं की व्हेपर लॉक."

खऱ्या व्हेपर लॉकची खूण ठरलेली असते. इंजिन जोरात चालवून बंद केलं, १० ते ३० मिनिटं थांबलात आणि परत सेल्फ मारला, की ते सुरू होतं, कार्ब्युरेटरच्या बाउलमधलं (पेट्रोल साठवणाऱ्या छोट्या वाटीतलं) पेट्रोल संपेपर्यंत चालतं आणि मरतं. तासाभरानं, सगळं निवल्यावर, काही न करता नीट चालतं. कारण सरळ आहे. इंजिन बंद झालं की थंड पाणी फिरायचं थांबतं, ब्लॉक आणि एक्झॉस्टची उष्णता बंद इंजिनखोलीत साठते आणि पंपातलं, होजमधलं पेट्रोल उकळायला लागतं. पंपाचा डायफ्राम द्रव ढकलण्यासाठी बनवलेला असतो. वाफ तो नुसती दाबतो आणि सोडतो, पुढे काही जात नाही.

बोट वेगात असताना इंजिन दम तोडत असेल तर गोष्ट वेगळी. वेगात टाकीतलं गार पेट्रोल पंपातून सतत वाहत असतं, त्यामुळे निव्वळ उष्णतेनं तिथे लॉक होणं कठीण. अशा वेळी बहुधा सक्शन लाइनमध्ये (टाकीपासून पंपापर्यंतच्या, पेट्रोल ओढणाऱ्या भागात) कुठेतरी अडथळा असतो. अडथळ्यापुढे पंप जितकं जास्त ओढतो तितका लाइनमधला दाब उतरतो, आणि दाब उतरला की पेट्रोल कमी तापमानाला उकळतं. १० टक्के इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलचा बाष्पदाब साध्या पेट्रोलपेक्षा साधारण ७ किलोपास्कलनं जास्त असतो, म्हणून ते आणखी लवकर उकळतं. वाफ दिसली तरी दोष उष्णतेचाच असेल असं नाही.

गरम झाल्यावरच मरणारे आणखी दोघे नेहमी विसरले जातात: इग्निशन कॉइल आणि क्रँक सेन्सर. यातलं काही बिघडलं की ठिणगी बंद होते. म्हणून आधी ठिणगी बघा. ब्लोअर (इंजिनखोलीतली हवा बाहेर फेकणारा पंखा) चालू ठेवून बिल्ज (बोटीचा सगळ्यात तळचा भाग) वाफेपासून मोकळी करा आणि लाइनमध्ये बसणारा स्पार्क टेस्टर वापरा. प्लग काढून धातूला टेकवून ठिणगी उडवायची सवय बोटीत सोडा.

ठिणगी ठीक असेल तर व्हॅक्यूम गेज (पंपाची ओढ मोजणारं मीटर) घ्या. पंपाच्या इनलेटवर टी-जोड देऊन गेज बसवा आणि टाकीच्या बाजूला पेट्रोलला टिकणारी २०–२५ सेंटिमीटर पारदर्शक होज जोडा. ही होज फक्त चाचणीपुरती. काम झालं की काढायची. बोट पाण्यात, लोडवर, आधी आयडलला, मग ३,००० आरपीएमला आणि शेवटी पूर्ण थ्रॉटलला चालवा आणि एकानं होजवर नजर ठेवा. इनबोर्डमध्ये (बोटीच्या आत बसवलेल्या इंजिनात) कुठल्याही आरपीएमला काटा पाऱ्याच्या २ इंचांच्या (सुमारे ५० मिलिमीटर) वर जाऊ नये. आउटबोर्डची (बोटीच्या मागे बाहेर लावलेल्या इंजिनाची) मर्यादा त्याच्या मॅन्युअलमधून घ्या.

आता वाचन. व्हॅक्यूम जास्त आणि होजमध्ये बुडबुडे, तर अडथळा आहे. व्हॅक्यूम कमी, तरी बुडबुडे, तर लाइन कुठूनतरी हवा ओढतेय. व्हॅक्यूम कमी, बुडबुडे नाहीत, पण पंपाच्या आउटलेटला प्रेशर पडतंय, तर पंप गेला. कार्ब्युरेटरच्या इंजिनला साधारण ४ ते ७ पीएसआय लागतं. फ्युएल इंजेक्शनला बरंच जास्त, ते मॅन्युअलमध्ये बघा.

अडथळा सापडायला गेज एकेक जोड टाकीकडे सरकवत न्या. ज्या भागाच्या अलीकडे काटा वर आणि पलीकडे खाली, तो भाग दोषी. नेहमीचे गुन्हेगार म्हणजे चोंदलेला वॉटर सेपरेटर (पेट्रोलमधलं पाणी वेगळं करणारा फिल्टर), टाकीतल्या पिकअप नळीची जाळी, चिकटलेला अँटी-सायफन व्हॉल्व आणि टाकीचा व्हेंट (टाकीत हवा येण्याची वाट). व्हेंटसाठी सगळ्यात सोपी चाचणी: इंजिन दम तोडायला लागलं की टाकीचं झाकण सैल करा. फुस्स करून हवा आत गेली आणि इंजिन सावरलं, तर व्हेंट बंद आहे. तोंडावर कीटकानं घर केलेलं असतं किंवा व्हेंटची होज खाली झोळ देऊन त्यात पेट्रोल साठलेलं असतं.

जुन्या होजकडे वेगळं लक्ष द्या. बाहेरून काळी, तुकतुकीत, एकही चीर नाही. उभी कापून उघडली की आतलं अस्तर सुटून जिभेसारखं लोंबताना दिसतं. कमी प्रवाहात ते बाजूला राहतं, जोरात ओढ लागली की दार लावल्यासारखं तोंड बंद करतं. हाताने दाबून हे कळत नाही.

हवा ओढण्याच्या बाबतीत एक गैरसमज पक्का बसलाय: "लाइन कोरडी आहे, म्हणजे गळती नाही." सक्शनच्या बाजूला पेट्रोल बाहेर येतच नाही, हवा आत जाते. फिल्टरची चपटी झालेली ओ-रिंग, आउटबोर्डच्या क्विक कनेक्टरची ओ-रिंग, सैल क्लॅम्प, हे आधी बघा. आउटबोर्डला प्रायमर बल्बही (लाइनमधला हाताने दाबायचा रबरी फुगा) बरंच सांगतो. चालत्या इंजिनात बल्ब चपटा पडला तर अडथळा टाकीच्या बाजूला आहे. बल्ब दाबत राहिल्यावर इंजिन सावरत असेल, तर पंप कमी पडतोय किंवा लाइन हवा ओढतेय.

गेज नसेल तर १०–१२ लिटरची वेगळी टाकी तिच्या स्वतःच्या होजसकट थेट पंपाला जोडा. ती पंपाच्या पातळीला किंवा खाली ठेवा. उंचावर ठेवली तर पेट्रोल आपोआप उतरतं आणि कमजोर पंपही ठीक वाटतो. वेगळ्या टाकीवर त्रास गेला तर पंप आणि इंजिन दोन्ही सुटले.

"लाइनला चिमटे, पंपावर ओलं फडकं."

चिमट्यांनी काही होत नाही. लाकूड उष्णता जवळपास वाहूनच नेत नाही. चिमटे शोधून लावेपर्यंत जी २० मिनिटं जातात, त्यात पंप निवतो आणि श्रेय चिमट्यांना जातं.

ओल्या फडक्याचं मात्र मान्य करायला हवं. पंप खरंच उकळत असेल तर फडक्यानं तो लवकर निवतो, आणि दोन-चार मिनिटांत इंजिन सुरू झालं तर निदानालाही आधार मिळतो. फडकं पिळून घ्या. अल्टरनेटर आणि डिस्ट्रिब्युटरवर पाणी जाऊ देऊ नका. कायमचा उपाय वेगळा आहे: होज एक्झॉस्ट मॅनिफोल्डपासून दूर फिरवा, कच्च्या पाण्याच्या पंपाचा (इंजिन थंड करायला बाहेरचं पाणी ओढणाऱ्या पंपाचा) इम्पेलर तपासा, बंद करण्याआधी इंजिन काही मिनिटं आयडलला चालवा आणि बंद केल्यावर ब्लोअर चालू ठेवा.

पेट्रोलचा वास येत असेल आणि सुरू होताना काळा धूर निघत असेल तर प्रकार उलटा आहे. बाउलमधलं पेट्रोल उकळून मॅनिफोल्डमध्ये सांडलंय, इंजिन ओव्हर झालंय (जास्त पेट्रोलनं भिजलंय). आधी ब्लोअर लावून वास पूर्ण जाऊ द्या. मग न्यूट्रलमध्ये थ्रॉटल पंप न करता पूर्ण उघडा ठेवून सेल्फ मारा आणि पकडताक्षणी खाली आणा.

"अँटी-सायफन व्हॉल्व काढून टाका."

हे करू नका. टाकीतल्या पेट्रोलच्या पातळीखाली होज फुटली तर या व्हॉल्वमुळे टाकी बिल्जमध्ये रिकामी होत नाही. तो नसेल तर इंजिन बंद असतानाही सायफननं पेट्रोल वाहत राहतं. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते, ती तळाशी साठते आणि हवेत तिचं प्रमाण जेमतेम दीड टक्का झालं तरी पेट घेते. गेजनं व्हॉल्व दोषी ठरला तर नवा, योग्य मापाचा बसवा.

"गाडीचा जास्त प्रेशरचा पंप बसवा."

प्रेशर पंपाच्या पुढे असतं, उकळणं मागे, सक्शनमध्ये. इनलेटला वाफ येत असेल तर पुढचं प्रेशर वाढवून काही साधत नाही. उलट इंजेक्शनचा ४० पीएसआयचा पंप कार्ब्युरेटरला जोडला तर फ्लोटची सुई ते प्रेशर अडवू शकत नाही, पेट्रोल वरून वाहतं. गाडीच्या भागांतली ठिणगी बाहेरच्या वाफेपर्यंत पोचू नये अशी खात्री दिलेली नसते. मरीन भागांत ती दिलेली असते. अनेक मरीन मेकॅनिकल पंपांत दुहेरी डायफ्राम असतो आणि पंपापासून कार्ब्युरेटरकडे एक बारीक पारदर्शक नळी जाते. त्या नळीत पेट्रोल दिसलं तर डायफ्राम फाटलाय, पंप बदला. इंजिन सुरू करण्याआधी हे बघायला पाच सेकंद लागतात.

आधीच इलेक्ट्रिक पंप असेल तर गरम इंजिनावर पंपाच्या टर्मिनलला व्होल्टेज मोजा. बॅटरीपेक्षा अर्ध्या व्होल्टहून जास्त कमी असेल तर गंजलेला कनेक्टर किंवा रिले आधी दुरुस्त करा.

"डिझेललाही हेच लागू."

नाही. डिझेल साधारण १८० अंश सेल्सिअसच्या पुढे उकळायला लागतं, लाइनमध्ये तेवढी उष्णता नसते. तिथे असतो तो एअर लॉक (लाइनमध्ये अडकलेली हवा). फिल्टरचा ब्लीड स्क्रू (हवा सोडण्याचा स्क्रू) सैल करा, बुडबुडे थांबेपर्यंत हातपंप मारा, स्क्रू आवळा, मग इंजेक्शन पंपाचा ब्लीड स्क्रू तसाच करा. बराच वेळ सेल्फ मारावा लागणार असेल तर कच्च्या पाण्याचा सीकॉक (बाहेरचं पाणी बोटीत घेणारा नळ) बंद ठेवा, नाहीतर पाणी एक्झॉस्टमधून सिलिंडरमध्ये शिरतं. इंजिन पकडलं की सीकॉक लगेच उघडा.

पेट्रोलच्या बाजूला एखादा जोड उघडला असेल तर काम झाल्यावर लाइन बल्बनं किंवा चावी ऑन करून भरा, प्रत्येक जोडावरून कोरडं फडकं फिरवा, ब्लोअर किमान ४ मिनिटं चालवा, बिल्जचा वास घ्या आणि मगच सेल्फला हात लावा.