पुनवेला किनाऱ्यावर तंबू ठोका, गाडी समुद्र धुऊन देईल

नाशिकहून कोकणात निघालात? तीन गाड्या, अकरा माणसं, चार तंबू? मग थांबा, मी गेल्या महिन्यातच हे सगळं करून आलोय. ताजा अनुभव फुकट देतो.

पहाटे चारला निघायचं ठरवा. म्हणजे आठ वाजता नाशकातल्याच द्वारकेच्या चौकात असाल.

मुंबई-गोवा महामार्गाचं काम २०११ पासून चालू आहे. घाई करून त्यांना डिस्टर्ब करू नका.

यादी मोठी ठेवा. चौल, रेवदंडा, जंजिरा, वेळास, हर्णै, सगळं दोन दिवसांत. रेवदंड्याचा पोर्तुगीज कोट काच खाली करून बघितला तरी चालतो. जंजिऱ्यात कलालबांगडी तोफेवर चढून फोटो काढा. कोणालाच न जिंकता आलेला किल्ला, निदान भिंतीवर तुमचं नाव तरी कोरा! आणि आगरदांड्याला जरा निवांत पोचा. फेरीबोट डोळ्यांदेखत सुटताना बघण्यात वेगळीच मजा आहे.

आता तंबू. तारीख पौर्णिमेचीच धरा, चंद्र फोटोत छान येतो. संध्याकाळी पाणी लांब गेलेलं असतं, वाळू कशी सिमेंटसारखी घट्ट. गाड्या थेट तिथेच न्या. किनाऱ्यावरची म्हातारी माणसं काहीबाही सांगतात, तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ निघते वगैरे. दुर्लक्ष करा. पंधराची पाऊणपट सव्वाअकरा, एवढं गणित आम्हा अकरा जणांपैकी एकालाही सुचलं नाही, त्यात दोन इंजिनिअर. स्पीकर चालू होता ना. अकराच्या सुमारास माझ्या झोपायच्या पिशवीत पाय ओले झाले. मला वाटलं, कोणी बाटली सांडली. बाहेर डोकं काढलं तर आमच्या मित्राची नवी गाडी दारापर्यंत पाण्यात. मागची चाकं रुतलेली, आणि हा शहाणा ॲक्सिलरेटर दाबून ती आणखी खोल घालतोय. चिवड्याचं पातेलं तरंगत गेलं. कोळीवाड्यातले काका ट्रॅक्टर घेऊन आले, दोर बांधला, दोन तास खपले. पैसे द्यायला गेलो तर घेतले नाहीत. एवढंच म्हणाले, “पुनव ठाऊक होती ना? मग पाणी ठाऊक नव्हतं?”

कासवांचं राहिलंच. थंडीत ऑलिव्ह रिडले माद्या याच वाळूत अंडी घालतात आणि पिल्लं उजेडाच्या दिशेने चालत सुटतात. म्हणून हेडलाइट रात्रभर...

नाही, हे मला गमतीत सांगता येत नाहीये. अरे, रस्त्यावर जागा नव्हती का गाडी लावायला? रामकुंडावर बाहेरच्या कोणी गाडी धुतली की आपण व्हिडिओ काढून ग्रुपवर टाकतो. आणि तिकडे बाटल्या वाळूत पुरून आलो आपण! पुरून! सकाळी मी आठ उकरून काढल्या, तर म्हणे, “जाऊ दे रे, समुद्र घेऊन जाईल.” तुझ्या अंगणात टाकू का आणून? लाज नाही वाटत?

ग्रुपवर परवा पुढच्या पौर्णिमेची तारीख पडलीय, खाली अंगठे. माझ्या गाडीच्या मॅटमधून अजून वाळू निघतेय. मी येणार नाही. आणि रात्री सव्वाअकराला मला फोन करायचा नाही.