ह ला दोन वेलांट्या

आठवड्यात तिसऱ्यांदा, बेळगावच्या खडेबाजारातल्या एका छपाईच्या दुकानात, चार गिऱ्हाइकांसमोर एका निवृत्त मास्तरांनी माझं शुद्धलेखन काढलं. शब्द होता ‘विहीर’. तो मी बरोबर लिहिला होता, हे आजही शपथेवर सांगतो.

प्रकरण एवढंच. गल्लीच्या मंडळाची स्मरणिका, तीत ‘तिसऱ्या मजल्यावर पाणी का चढत नाही’ हा माझा लेख. राकसकोप धरणाचं पाणी गल्लीपर्यंत आलं तरी वर का जात नाही, ते दाखवायला एक आकृती: विहीर, पंप, टाकी, नळ. शेजारी आलेख: टाकी नळापेक्षा १० मीटर उंच असेल, तर पाणी थांबलेलं असताना दाब सुमारे ९८ किलोपास्कल. मजकूर झीलाटेक या अक्षरजुळणीच्या प्रोग्रॅममध्ये, चित्र पायथन या संगणकभाषेतल्या मॅटप्लॉटलिब या आलेख काढणाऱ्या साधनात. मंडळवाले टाकीची उंची रोज बदलून सांगतात. कोडमध्ये एक आकडा बदलला की चित्र आपोआप नवं होतं, म्हणून हा खटाटोप.

मास्तर तिथं मुलाच्या लग्नपत्रिकेचं प्रूफ बघायला आले होते. सहावं प्रूफ. ‘आपले नम्र’खाली थोरल्या काकांचं नाव आधी की मामांचं, हा वाद घरी मिटेना म्हणून ते दुकानातच मुक्कामाला असावेत. त्यांचं प्रूफ यायला वेळ होता, म्हणून त्यांनी माझं उचललं. विचारलं नाही. खिशातून लाल पेन तेवढं काढलं.

“काय करूलाय वो हे?”

“पाण्याची आकृती आहे, मास्तर.”

“ते दिसतंय की. हे वहीर काय?”

“विहीर.”

“व मोकळाच सोडलाय. ह ला मात्र आधी ऱ्हस्व, नंतर दीर्घ. एका ह ला दोन वेलांट्या! जन्मभर पोरांच्या वह्या तपासल्या, पण वहीतली विहीर आजच बघूलोय.”

“मी बरोबरच टाइप केलंय. ते संगणकानं...”

“पोरंपण असंच म्हणायची. पेनानं केलं म्हणून.” लाल पेन बाणाकडे सरकलं. “आणि ही दिशा कुठली? दक्-षणि? शनिवारी पाणी सोडतात काय?”

चौघं हसले. एकजण तर झेरॉक्सचे पैसे द्यायला आला होता, तोही थांबून हसला.

आता ज्याला खरं कारण हवं, त्याच्यासाठी. युनिकोडमध्ये, म्हणजे संगणक अक्षरं ज्या पद्धतीनं साठवतो तीत, ‘वि’ साठवताना आधी व येतो, मग वेलांटी. कागदावर मात्र वेलांटी व च्या आधी दिसायला हवी. ही अदलाबदल करणं, जोडाक्षरं जुळवणं, हे काम हार्फबझसारखी वेगळी यंत्रणा करते. मॅटप्लॉटलिबच्या बऱ्याच आवृत्त्या ते करतच नाहीत. अक्षरं साठवलेल्या क्रमानं ओळीत उभी करतात आणि वेलांटी पुढच्या अक्षराच्या गळ्यात पडते. हे सॉफ्टवेअर २००३ पासून आहे. इंग्रजीला कधी वेलांटी लागली नाही, म्हणून कुणाला घाई नव्हती. लाल पेन त्यांच्यावर चालत नाही, माझ्यावर चालतं.

पण मास्तरांचं समाधान झालं नव्हतं. “‘पाण्याची घनता = हो’ लिहिलंय. ‘हो = एक हजार’. घनता किती असं विचारलं, तर कुणी हो म्हणतं काय?”

ही चूक माझी. घनतेचं ऱ्हो हे ग्रीक अक्षर हवं, तर बॅकस्लॅशपुढे (ती उलटी तिरकी रेघ) आर, एच, ओ लिहायचं. पायथनला बॅकस्लॅश-आर दिसलं की तो त्याला ‘ओळीच्या सुरुवातीला परत जा’ अशी आज्ञा समजतो आणि गिळतो. उरतं ‘हो’. न्यू या ग्रीक अक्षराचं असंच: बॅकस्लॅश-एनमुळे ओळ तुटते आणि एकटा ‘यू’ खाली पडतो. अल्फा लिहिलं तर बॅकस्लॅश-ए म्हणजे घंटा. उपाय अर्ध्या सेकंदाचा: अवतरणचिन्हाच्या आधी लहान आर लावायचा. तो विसरायला मात्र माणसाला वर्षानुवर्षं पुरतात.

बॅकस्लॅशचा प्रवास म्हणजे सीमेवरच्या कोगनोळी नाक्यावरून कोल्हापूरला जाणं. प्रत्येक नाक्यावर काहीतरी द्यावं लागतं. पायथनमधून ग्राफव्हिझ या चौकटी-बाणांची चित्रं काढणाऱ्या प्रोग्रॅमची डॉट फाइल लिहायची असेल तर आणखी एक नाका. तिथं बॅकस्लॅश-एल म्हणजे डावीकडे सरकवलेली ओळ, आणि बॅकस्लॅश-मोठा-एन म्हणजे त्या चौकटीचंच नाव. पलीकडे एक बॅकस्लॅश जिवंत पोहोचवायचा तर अलीकडून चार पाठवावे लागतात. यातला शहाणा म्हणजे मेटापोस्ट, ही चित्रं काढायचीच एक भाषा. त्यात जॉन हॉबी यांनी लेबल ‘बीटेक’ आणि ‘ईटेक’ या दोन शब्दांमध्ये लिहायची सोय केली. मधलं सगळं थेट टेककडे, म्हणजे झीलाटेकच्या मुळाशी असलेल्या अक्षरजुळणीच्या प्रोग्रॅमकडे. आमच्या भागातली पोरं बी.ई. होतात, त्यामुळे या बीटेककडे कुणाचं लक्ष गेलं नसावं.

सांगण्यासारखी गोष्ट एकच: मजकूर जो जुळवतो, लेबलंही त्यालाच जुळवू द्यावीत. मॅटप्लॉटलिबला पीजीएफ बॅकएंड, म्हणजे चित्र टेकच्या भाषेत लिहून देणारा भाग, लावायचा. तो पडद्यामागे झीलाटेक चालवून प्रत्येक लेबलाची लांबी-रुंदी विचारून घेतो, त्यामुळे अक्षरं चौकटीबाहेर सांडत नाहीत. त्याच्या प्रिअँबलमध्ये, म्हणजे सुरुवातीच्या सूचनांत, फॉन्टस्पेक हे फॉन्ट निवडायचं पॅकेज, आणि फॉन्टला ‘स्क्रिप्ट देवनागरी’ सांगायचं, नाहीतर जोडाक्षरं पुन्हा सुटतात. आरसीफॉन्ट्स हा पर्याय बंद ठेवायचा. तो चालू राहिला तर मॅटप्लॉटलिब स्वतःचा फॉन्ट तुमच्या बोकांडी बसवतं. मग चित्र डॉट-पीजीएफ म्हणून जतन करून मुख्य फाइलीत इनपुट करायचं. दोन डॉलरचिन्हांच्या मधल्या गणितात देवनागरी लिहायची नाही. गणिताच्या फॉन्टात ती अक्षरं नसतात, ती गुपचूप गायब होतात. लॉगमध्ये, म्हणजे झीलाटेकच्या नोंदवहीत, ‘मिसिंग कॅरेक्टर’ एवढी ओळ पडते, आणि लॉग वाचणारा माणूस मी अजून पाहिलेला नाही. अक्षावरचे आकडे देवनागरीत हवेत तर ते आकडे लिहिणाऱ्या फॉरमॅटरमध्ये शून्य ते नऊची अदलाबदल स्वतः लिहायची.

हे सगळं करून दुसऱ्यांदा गेलो. मास्तर होते. आठवं प्रूफ. चष्मा कपाळावरून नाकावर आला.

“विहीर झाली की. पण अक्षर मुंगीएवढं.”

बरोबर होतं. मॅटप्लॉटलिबचं चित्र, सांगितलं नाही तर, ६.४ इंच रुंद. माझ्या पानावरचा मजकूर ३४५ पॉइंट रुंद. टेकमध्ये इंचाला ७२.२७ पॉइंट, म्हणजे ४.७७ इंच. ओढून बसवलं की १० पॉइंटचं अक्षर साडेसातचं होतं. चित्र पहिल्यापासूनच ४.७७ इंचांचं काढायचं. आणि जतन करताना ‘टाइट’ लावायचं नाही. ते कडेची मोकळी जागा कापून रुंदी पुन्हा बदलतं आणि वर आपल्यालाच वेड्यात काढतं.

“आणि हा ल,” मास्तर म्हणाले, “हिंदीचा.”

मी बघितलं. हिंदीचाच होता. महाराष्ट्र सरकारनं २००९ च्या आदेशात पाकळीचा ल आणि देठाचा श ठरवून दिला. तो आदेश इथं कर्नाटकात लागू नाही. मास्तरांना लागू आहे. फॉन्टस्पेकमध्ये ‘लँग्वेज मराठी’ हे दोन शब्द लिहिले की ल बदलतो, फॉन्टात ती सोय असेल तर. माझ्या फॉन्टात होती. मी विसरलो होतो.

दुकानातला पोरगा कोरल या हातानं चित्रं काढायच्या सॉफ्टवेअरवर काम करतो. दोन्ही वेळा तो एकच म्हणाला, “सर, कोरलमध्ये करून देतो की. दोन मिनिटांचं काम.” उंची बदलली की पुन्हा दोन मिनिटं, लेबलं हातानं टाइप करताना पुन्हा दोन, चुकली की पुन्हा दोन. आठवडाभर मी जे केलं त्याला तो मनातल्या मनात काय म्हणत असेल, ते कन्नडमध्ये म्हणत असावा, म्हणून ठीक आहे.

काल तिसऱ्यांदा गेलो. ल पाकळीचा, अक्षर दहा पॉइंटचं, विहीर विहिरीच्या जागी. मास्तरांनी पेन उघडलं, सगळं वाचलं, पेन बंद केलं. एक शब्द बोलले नाहीत. त्यांची पत्रिका छापायला गेली होती, मामा आधी.

पोरगा म्हणाला, “पानाला फक्त महिरप टाकतो सर, आगतैत री, होऊन जाईल,” आणि त्यानं माझी पीडीएफ कोरलमध्ये ओढली. कोरलनं विचारलं, मजकूर ‘टेक्स्ट’ म्हणून आणू की ‘कर्व्ह’ म्हणून? कर्व्ह म्हटलं असतं तर अक्षरांच्या नुसत्या आकृत्या आल्या असत्या आणि कुठलीही वेलांटी हलली नसती. हे सांगायला मी तोंड उघडेपर्यंत त्यानं टेक्स्टवर टिचकी मारली होती.

पडद्यावर व मोकळा झाला.

मास्तर छत्री घेऊन दारापर्यंत गेले होते. परत आले. चष्मा खाली. पेन वर.

“परत वहीर?”

“हो,” मी म्हणालो.